दाताचे कवच : आयुष्यात एकदाच भरला जाणारा ठेवा

आपल्या विटा-खानापूर भागातील अनेक कुटुंबे गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगलेली आहेत. सोने-चांदी गाळण्याचे हे काम करणारा आपल्याकडचा माणूस दक्षिणेत आणि उत्तरेत कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत भेटतो. यात्रेला, लग्नकार्याला ही मंडळी गावी येतात आणि मुले शिक्षणाच्या वयाची झाली की काही कुटुंबे कायमची परततात.

अशाच एका ओळखीच्या कुटुंबातील दोन बहिणींची ही हकीकत आहे. थोरली नलगोंडा भागात जन्मली आणि वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत तिथेच वाढली. तो भाग आता तेलंगण राज्यात आहे. धाकटीचा जन्म कुटुंब विट्यास परतल्यानंतरचा. आईबाप तेच, घरातले जेवणखाण तेच, दात घासण्याची शिस्तही तीच. धाकटीचे दात पांढरेशुभ्र, तर थोरलीच्या पुढच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे. शाळेत तिला साऱ्या वर्गासमोर ऐकावे लागले, “दात घासून येत जा.” मग तिने राखुंडी घासून पाहिली, मीठ लावून पाहिले, कोळसा घासून हिरड्यांतून रक्त काढले. पट्टे तसेच राहिले. पुढे ती बोलताना तोंडापुढे हात धरू लागली. लग्नाच्या वयात पाहुण्यांनी आडून आडून विचारले, “मुलगी मिश्री लावते काय?” एकदा ती मला म्हणाली, “काका, मी रोज दोनदा दात घासते हो. पण हे जातच नाही.”

शेवटी एका दंतवैद्यांनी उलगडा केला. ते म्हणाले, “हा डाग दातावर बसलेला नाही, तो दातातच आहे. दात हिरडीबाहेर येण्याच्या कितीतरी आधी तो तयार झाला. यात मुलीची काही चूक नाही.”

मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरताच. परंतु या उत्तराने मला विचारात पाडले आणि मिळेल तिथून या विषयाची माहिती मी जमवू लागलो. ती आपल्या घरोघरच्या आयाबहिणींना उपयोगी पडेल या हेतूने येथे मांडत आहे.

एनॅमल म्हणजे काय?

आपण दात म्हणून जे पांढरे, चकाकते कवच पाहतो त्यास एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. हाडापेक्षाही तो कठीण असतो. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर भरते आणि हिरडीकडे ती कमी कमी होत जाते. वजनाचा हिशेब केला तर तयार एनॅमलमध्ये सुमारे ९६ टक्के खनिज असते. उरलेल्या भागात पाणी आणि थोडी प्रथिने. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे असून त्याचे नाव हायड्रॉक्सिअॅपेटाइट असे आहे.

हाड आणि एनॅमल यांत एक मोठा फरक आहे व या लेखाचे सारे सूत्र त्यातच आहे. हाडात जिवंत पेशी असतात. हाड मोडले तर ते सांधते, रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नव्याने भरते. एनॅमलमध्ये मात्र एकही जिवंत पेशी नसते. ज्या पेशी ते घडवतात त्या दात उगवता उगवताच नाहीशा होतात. घर बांधून झाले आणि गवंडी कायमचा गाव सोडून गेला, अशी ही स्थिती आहे. बांधकामात जे राहून गेले ते पुन्हा भरून देणारा कोणी उरत नाही.

हिरडीच्या आत चालणारे काम

दात हिरडीतून वर येतो तेव्हा तो ‘आला’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे कवच कित्येक महिने किंवा वर्षे आधीच हिरडीखाली, जबड्याच्या हाडात तयार झालेले असते. हे काम दोन मुख्य टप्प्यांत होते.

पहिला टप्पा आराखड्याचा. एनॅमल घडवणाऱ्या पेशींची एक दाट रांग दाताच्या अंकुरावर उभी राहते. या पेशी अमेलोजेनिन व इतर काही प्रथिने बाहेर सोडतात. त्या मऊ प्रथिनांच्या चौकटीत खनिजाचे लांब, अतिशय बारीक, फितीसारखे स्फटिक तयार होऊ लागतात. रोज सुमारे ४ मायक्रोमीटर जाडीचा थर चढतो. केसाच्या जाडीइतके एनॅमल होण्यास दोन-तीन आठवडे लागतात, यावरून ही गती ध्यानात यावी. या टप्प्याअखेर कवचाची पूर्ण जाडी व आकार तयार होतो. परंतु ते अद्याप कच्चे असते. त्यात वजनाने जेमतेम एक तृतीयांश खनिज असते, बाकी प्रथिने आणि पाणी. नखानेही खरवडेल इतके ते मऊ असते.

दुसरा टप्पा पक्वतेचा. खनिजाची खरी भरती याच टप्प्यात होते आणि त्याला पहिल्यापेक्षाही अधिक काळ लागतो. त्याच पेशी आता आपले रूप व काम बदलतात. काही विकरे पहिल्या टप्प्यातील प्रथिनांचे तुकडे करतात आणि पेशी ते तुकडे शोषून घेतात. मोकळ्या होणाऱ्या जागेत रक्तातून आलेले कॅल्शियम आणि फॉस्फेट शिरते. त्यामुळे आधीचे बारीक स्फटिक रुंदीने व जाडीने वाढत जातात आणि शेवटी एकमेकांना जवळजवळ चिकटतात.

याला आपल्या नित्याच्या पाहण्यातील उदाहरण द्यायचे तर स्लॅबच्या सेंट्रिंगचे देता येईल. फळ्या लावल्याशिवाय स्लॅब पडत नाही, पण त्या वेळेवर काढाव्याही लागतात. एनॅमलमध्ये प्रथिने ही सेंट्रिंग होय. ती वेळेवर निघाली नाहीत तर खनिजाला जागा मिळत नाही. दाताची जाडी पुरेशी दिसते, पण आत बारीक बारीक पोकळ्या राहतात.

आणखी एक अडचण या कामात असते. स्फटिक वाढताना आम्ल तयार होते आणि आम्लात तर हे खनिज विरघळते! म्हणून पेशी सतत बायकार्बोनेट सोडून ते आम्ल मारत राहतात. आपल्या पोटात आम्लपित्त झाले की खाण्याचा सोडा घेतात, त्याच जातीचा हा उपाय. ताप, आजारपण, उपासमार, एखादे औषध किंवा पाण्यातील एखादा घटक यांमुळे या नाजूक कामात बिघाड झाला की त्या त्या दिवसांच्या थरात उणीव राहते.

कोणता दात केव्हा घडतो?

पालकांनी लक्षात ठेवावा असा हा भाग आहे. दुधाच्या दातांत खनिज भरण्यास आईच्या पोटातच, गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास आरंभ होतो. बाळ साधारण वर्षाचे होईपर्यंत सर्व दुधाच्या दातांचे एनॅमल तयार झालेले असते. त्यांतील बरेच दात त्या वेळी तोंडात दिसतही नसतात.

कायमच्या दातांत पहिली मोठी दाढ सर्वांत आधी. तिचे काम जन्माच्या सुमारास सुरू होऊन अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होते, पण ती दिसते सहाव्या-सातव्या वर्षी. वरच्या मधल्या पटाशीच्या दातांचे काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते व चौथ्या-पाचव्या वर्षी संपते. ते उगवतात सातव्या-आठव्या वर्षी. सुळ्यांचे एनॅमल सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत, तर दुसऱ्या मोठ्या दाढेचे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत घडत असते. अक्कलदाढ तेवढी या हिशेबात मागे राहते.

म्हणजे अक्कलदाढ सोडली तर गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून वयाच्या आठव्या वर्षापर्यंत सर्व दातांचे कवच भरून होते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही अशी मुदत ठेव आहे की जिच्यात भरणा करण्याची मुदत आठ वर्षांत संपते आणि जिच्यावर पुढची साठ-सत्तर वर्षे काढायची असतात.

इनामगावची साक्ष

एनॅमल रोज थर चढवत घडते आणि नंतर बदलत नाही, म्हणून ज्या काळात ते घडले त्या काळाची नोंद त्यात राहते. बाळाच्या जन्माचा ताणदेखील दुधाच्या दातांवर एका सूक्ष्म रेषेच्या रूपाने उमटतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती रेषा पाहता येते. तिच्या आतले एनॅमल गर्भातले, बाहेरचे जन्मानंतरचे.

याचे एक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या लोकांत मरण पावलेल्या लहान मुलांना दोन मातीच्या कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची चाल होती. त्यामुळे त्या मुलांचे दात आजवर टिकले. अमेरिकेतील संशोधक जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी त्यांचा अभ्यास केला. काही मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर एनॅमलची उणीव दाखवणारे छोटे खळगे त्यांना आढळले. असे खळगे जन्माच्या आगेमागे काही महिन्यांत पडतात आणि आई व बाळाच्या पोषणाशी, आजारपणाशी त्यांचा संबंध जोडला जातो.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. कोणाची आई अर्धपोटी होती, कोणते बाळ आजारी पडले, हे कोणी लिहून ठेवले नाही. पण दाताने ते जपून ठेवले. आजही कुपोषण, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण आणि लहानपणचे कडक आजार या कारणांनी दातांवर असे खळगे किंवा पांढरट-पिवळे चट्टे राहतात.

पाण्यातील फ्लोराईड

आता त्या थोरल्या मुलीच्या दातांकडे वळू. तिच्या दातांवरील पट्ट्यांचे कारण पाण्यातील जादा फ्लोराईड हे होते. या विकारास दंत फ्लोरोसिस म्हणतात.

या कारणाचा शोध लागण्यास तीस वर्षे लागली. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे व्यवसायास गेले. तेथील अनेक लोकांचे दात तपकिरी होते. मॅके यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांचा जन्म तेथे झाला किंवा जे अगदी लहानपणी तेथे आले त्यांचेच दात डागाळत. मोठेपणी आलेल्यांचे दात जसेच्या तसे राहत. तेव्हा दात घडत असतानाच काहीतरी होते, आणि ते पाण्यातून होते, असा तर्क त्यांनी बांधला. अखेर १९३१ साली एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेत पाण्याचे पृथक्करण होऊन त्यात फ्लोराईड जास्त असल्याचे दिसून आले. आपल्या देशात १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोरोसिसची माहिती प्रसिद्ध केली.

फ्लोराईड जादा झाले म्हणजे नेमके काय बिघडते? वर सांगितलेल्या दुसऱ्या टप्प्यात प्रथिने निघून जाण्याचे काम मंदावते. सेंट्रिंग वेळेवर निघत नाही. पृष्ठभागाखालचे एनॅमल सच्छिद्र राहते. दात उगवतो तेव्हा तो बहुधा खडूसारखा पांढरट दिसतो आणि नंतर खाण्यापिण्यातील रंग त्या छिद्रांत शिरून तपकिरी होत जातो. म्हणूनच घासून तो निघत नाही. हे पट्टे आडवे असतात आणि डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात, कारण ते दात एकाच काळात घडलेले असतात. मिश्रीचा किंवा तंबाखूचा डाग वरून बसलेला असतो, त्याची तऱ्हा निराळी.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आढळते. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतील फ्लोराईडयुक्त खनिजे पाण्यात उतरतात. उघड्या आडांची जागा खोल बोअरने घेतली तेव्हा जंतूंचा धोका कमी झाला, परंतु खोलवरच्या खडकातील हा न दिसणारा घटक मात्र काही गावांत वर आला. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवरच भागत नाही, हाडे व सांधेही आखडतात.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालते. दुसरा पाण्याचा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण किंचित वाढते. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने चुना व तुरटी वापरून फ्लोराईड खाली बसवण्याची रीत तयार केली. तिला ‘नलगोंडा पद्धत’ असेच नाव आहे. केंद्र सरकारने २००८-०९ पासून फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू केला.

आपला भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकातील पाण्यात फ्लोराईड सहसा कमी असते. तथापि ‘सहसा’ या शब्दावर लेकरांचे दात सोपवू नयेत. प्रत्येक बोअरचे पाणी निराळे असते आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. फ्लोराईड हे सर्वस्वी वाईट नव्हे. दात उगवल्यानंतर योग्य अल्प प्रमाणात ते एनॅमलच्या पृष्ठभागाला बळकटी देते आणि कीड रोखते. टूथपेस्टमध्ये ते असते ते याच कारणाने.

दात उगवल्यानंतरचा जमाखर्च

कवचाची मूळ भरती संपली तरी पृष्ठभागावर लहानसा जमाखर्च जन्मभर चालतो. आपण गोड खाल्ले की तोंडातील जंतू त्याचे आम्ल बनवतात आणि एनॅमलचे खनिज किंचित विरघळते. नंतर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट परत येऊन बसते. खर्च थोडा आणि जमा पुरेशी असेल तोवर दात शाबूत राहतो. दिवसभर बिस्किटे, चॉकलेट, गोड चहा चालूच राहिला किंवा बाळ दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपले तर खर्च वाढतो आणि कीड लागते. नुकताच उगवलेला दात तर अधिकच हळवा असतो. लाळेची ही जमा वरच्या थरापुरती असते. बालपणी आत राहून गेलेली उणीव तिने भरून येत नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, गर्भवतीच्या ताटाकडे पाहावे. दूध, नाचणी, तीळ, पालेभाज्या, डाळी, अंडी, बारीक सुकी मासळी यांतून कॅल्शियम व इतर खनिजे मिळतात. थोडे ऊनही अंगावर घ्यावे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या टाकून देऊ नयेत. आपल्या सातारा-सांगली भागात स्त्रियांत मिश्रीची सवय फार. ती तंबाखूच होय. तिच्यामुळे बाळाचे वजन कमी भरते आणि कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दातांत दोष अधिक आढळतात. निदान त्या नऊ महिन्यांसाठी तरी मिश्री सोडावी आणि सुटली की पुन्हा धरू नये.

दुसरी गोष्ट, मुलांचे लसीकरण वेळेवर करावे आणि तापाचे दुखणे अंगावर काढू नये. टेट्रासायक्लिन जातीची औषधे घडणाऱ्या दातात बसून त्यांचा रंग बिघडवतात. म्हणून गर्भवतीस आणि आठ वर्षांखालील मुलांस कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय, केवळ दुकानातून मागून देऊ नये.

तिसरी गोष्ट, पाणी तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीमार्फत किंवा थेट पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जी कुटुंबे धंद्यानिमित्त परमुलखात राहतात त्यांनी तर नव्या गावी बिऱ्हाड करताना भाड्याबरोबर पाण्याचीही चौकशी करावी, विशेषतः घरात आठ वर्षांखालील मूल असेल तर.

चौथी गोष्ट, टूथपेस्टचे प्रमाण. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू न देता थुंकायला शिकवावे.

पाचवी गोष्ट मोठ्या माणसांसाठी. डागाळलेल्या दातांवर आता उपचार आहेत. वरचा थर हलकेच घासून किंवा दातावर पातळ लेप बसवून दंतवैद्य डाग पुष्कळ कमी करू शकतात. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी डाग जात नाही, उलट जे एनॅमल शिल्लक आहे तेही झिजते.

त्या मुलीने पुढे उपचार करून घेतले आणि ती आता मोकळेपणाने हसते. परंतु लहानपणी वर्गात जे बोलणे तिने ऐकले ते तिच्या मनातून गेलेले नाही. ज्या दातांचे काम ती पाळण्यात असतानाच सुरू झाले होते आणि ती पाच वर्षांची होण्याच्या सुमारास संपले होते, त्यांचा दोष तिच्या माथी मारला गेला. तिच्या आईनेही कित्येक वर्षे स्वतःलाच बोल लावला. शिक्षक बंधू-भगिनींना आणि पालकांना म्हणूनच माझी विनंती आहे. एखाद्या मुलाचे दात डागाळलेले दिसले तर त्याला चारचौघांत दटावण्याआधी बाजूला घेऊन विचारावे, “बाळ, तू लहानपणी कोणत्या गावी होतास? तिथे पाणी कुठले पीत होता?” त्या उत्तरातून एका मुलाचा अपमान टळेल आणि कदाचित एखाद्या गावचे पाणीही तपासले जाईल.